बंदराला बावटा, वावराला काय?



बीडहून समुद्र पाहायचा तर अहिल्यानगर, पुणे ओलांडून घाट उतरावा लागतो. आपल्यातल्या कित्येकांनी तो पाहिलेलाही नाही. तरी या मेळाव्यासाठी आम्ही समुद्रावरच्या दिव्यांबद्दल आणि धोक्याच्या बावट्यांबद्दल लिहीत आहोत. ते दिवे आणि आपला कापूस यांचा हिशेब एकाच वहीत लिहिला गेला आहे, म्हणून.

आमचा मुद्दा थोडक्यात असा. धोका आधी सांगावा, ठिकाण आणि तारीख घालून सांगावा, ही विद्या सरकारला दीडशे वर्षांपासून येते. कापूस नेणाऱ्या जहाजासाठी तिने ती वापरली. कापूस पिकवणाऱ्याच्या वाट्याला मात्र नुकसान झाल्यावरचा पंचनामा आला. इंग्रज गेले, निजाम गेला, हा भेद गेला नाही.

एकाच सालच्या तीन गोष्टी

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानची आठवण झाली. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. कापूसवाल्या गावांतही चार पैसे आले आणि सावकाराने कर्जाचा हात सैल सोडला. १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपले आणि भाव कोसळला. मुंबईत बँका बुडाल्या, कंपन्या बुडाल्या. त्याची पुस्तके लिहिली गेली. गावात भाव गेला, कर्ज राहिले, सरकारचा साराही राहिला.

आता १८७५ हे साल बघा. त्या वर्षी मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यापुढच्या खडकांवर प्रोंग्जचे दीपगृह बांधून झाले. त्याआधी १८६७ मध्ये खांदेरीवर, म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये जिथे किल्ला उभारायला घेतला त्या बेटावर, दीपगृह झाले होते. मुंबईत येणारे-जाणारे जहाज खडकावर आपटू नये, ही काळजी.

त्याच १८७५ च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने हवामान खाते स्थापन केले.

आणि त्याच १८७५ च्या मे महिन्यात, १२ तारखेला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. ते लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत गेले. कर्जत म्हणजे आपल्या आष्टीला लागून असलेला मुलूख. कारणे अनेक होती : वाढवलेला सारा, कोर्टाचे हुकूमनामे, आणि तेजीत वाढून मंदीत गळ्याशी आलेले कर्ज.

समुद्रातला खडक सरकारला दिसला, त्यावर दिवा लागला. भाव कोसळल्यावर कर्ज कुठे नेऊन आपटणार, हा खडक कोणाला दिसला नाही, निदान कोणी तसे शेतकऱ्याला सांगितले नाही. वह्या जळाल्यावर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये कायदा आला. तोही आपल्यासाठी नव्हता, कारण बीड निजामाच्या राज्यात. पण बालाघाटावरचा कापूस हद्द ओलांडून बार्शीच्या पेठेत जात होता आणि तिथून मुंबईच्या वाटेला लागत होता. कायद्याला हद्द होती, मंदीला नव्हती.

जहाजाला कसे सांगतात

१८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर मोठे चक्रीवादळ आले. हजारो माणसे मेली, बंदरातली जहाजे फुटली. लगेच पुढच्या वर्षी, १८६५ मध्ये, कलकत्ता बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. पुढे ती मुंबईसह इतर बंदरांना लागू झाली. आजही आपल्या बंदरांवर १ ते ११ क्रमांकांचे बावटे आहेत. दिवसा शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा, रात्री लाल-पांढरे दिवे. कोकणातला कोळी शाळेत गेलेला नसला तरी तीन नंबरचा बावटा म्हणजे काय ते त्याला कळते.

दुसरी व्यवस्था दर्यावर्दींना द्यायच्या सूचनापत्रांची. अमुक दीपगृहाचा दिवा अमुक तारखेपासून बंद राहील, त्याच्या जागी अमुक रंगाचा दिवा लागेल. अमुक ठिकाणी जहाज बुडाले आहे, लांबून जा. आज भारतात हे काम डेहराडूनचे नौदलाचे जलसर्वेक्षण कार्यालय करते. सूचनापत्र दर पंधरा दिवसांनी निघते, आणि तातडीचे असेल तर बिनतारी संदेश लगेच जातो. आपल्या बाजूच्या हिंदी महासागरात येणाऱ्या सर्व देशांच्या जहाजांना असे इशारे देण्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारीही भारताकडे आहे. सरकारला जमत नाही असे कोणी म्हणू नये. उत्तम जमते.

या दिव्यांचा खर्च कोण करतो? जहाजांकडून दीपगृह कर घेतला जातो. इंग्रजी काळातही घेत. जहाजवाला तो भाड्यात लावी, भाडे व्यापारी आपल्या हिशेबात धरी, आणि हिशेब शेवटी कुठे वळता होई, ते आडतीवर माल घातलेल्या माणसाला सांगायला नको. लिव्हरपूलचा भाव, वजा विमा, वजा भाडे, वजा दलाली, उरेल तो शेतकऱ्याचा. म्हणजे त्या दिव्यांच्या तेलाला आपल्या पणजोबांचाही हातभार होता. उजेड मात्र जहाजापुरता.

शेतकऱ्याला सांगायला ऐंशी वर्षे

हवामान खाते निघण्यामागे दुष्काळांचेही कारण होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १८८६ पासून पावसाळ्याचा अंदाजही सुरू झाला. पण तो सरकारच्या उपयोगाचा होता : सारा किती येईल, दुष्काळाची तयारी कुठे करावी. पेरणाऱ्याच्या कानापर्यंत जाण्याची सोय त्यात नव्हती. पुण्याला शेतीच्या हवामानाचा विभाग १९३२ मध्ये निघाला आणि शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमी १९४५ मध्ये रेडिओवरून सुरू झाली. बंदराला १८६५, वावराला १९४५. मधली ऐंशी वर्षे आपले लोक नक्षत्रांवर, वाऱ्यावर आणि कावळ्याच्या घरट्यावर भिस्त ठेवून पेरत होते.

आज परिस्थिती सुधारली आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, आणि तो वाचण्यासारखा असतो. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आली. पण याच काळात देशभरच्या कृषी विज्ञान केंद्रांत काढलेले १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४ मध्ये बंद करण्यात आले. तालुक्याच्या मातीकडे आणि पिकाकडे बघून सल्ला देणारी माणसे जेमतेम कामाला लागली होती, तेवढ्यात दिवा काढून घेतला. दीपगृह बंद करायचे तर सूचनापत्र निघते. हे बंद झाले तेव्हा किती गावांना सूचना आली?

कापसाला मदत की कापडाला?

सरकारने कापसाला कायमच मदत केली असे म्हणतात. मदत झाली, यात शंका नाही. ती कोणाच्या गरजेतून झाली ते बघू.

१८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला. लँकेशायरची तक्रार होती की गाठीत सरकी, माती, पाणी येते. तक्रार खोटी नव्हती. पण कापसाला शुद्धतेचा कायदा मिळाला, कापूसवाल्याला खऱ्या काट्याचा कायदा मिळायला पुढे कितीतरी वर्षे लागली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, भारतीय मध्यवर्ती कापूस समिती झाली. १९२३ मध्ये गाठीमागे उपकर बसला आणि १९२४ मध्ये माटुंग्याला धाग्याची प्रयोगशाळा निघाली. तिथे सूत किती बारीक निघेल हे मोजले जाई. पिकवायला किती खर्च येतो हे मोजणारी प्रयोगशाळा काही निघाली नाही.

शेतीशास्त्र शिकल्यामुळे आम्हाला एक गोष्ट मान्य केली पाहिजे : या पैशातून चांगले संशोधनही झाले. आपल्या मराठवाड्याचा गावरानी कापूस, खोल मुळाचा, पावसाची उघडीप सोसणारा, निवडून सुधारला गेला. नांदेडच्या केंद्राने १९८० च्या दशकात दिलेला एनएचएच-४४ हा वाण कोरडवाहू शेतकऱ्याने डोक्यावर घेतला. संशोधनाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते, जोखीम कोणी उचलायची आणि खबर कोणाला द्यायची, याबद्दल.

स्वातंत्र्यानंतर १९७० मध्ये भारतीय कापूस निगम आले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून १९७२ पासून कापूस एकाधिकार योजना सुरू केली. हेतू चांगला होता : व्यापाऱ्याच्या लुटीपासून सुटका, भावाचा कायमचा दिवा. पण दिव्याबरोबर बंदराचे दारही बंद झाले. दुसऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. परराज्यात भाव जास्त असला की आपलाच कापूस सीमेवर चोरीचा माल ठरे. चुकारे थकत, तीन-तीन दिवस बैलगाड्यांच्या रांगा लागत. २००२ मध्ये खासगी खरेदी मोकळी झाली आणि एकाधिकार संपला. तो अनुभव विसरू नका. दीपगृह वाट दाखवण्यासाठी असते, वाट अडवण्यासाठी नाही.

गुजरातेत दिसलेला खडक

२०१७ चा खरीप कोणी विसरणार नाही. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, जिकडे जावे तिकडे बोंड फोडले की आत गुलाबी अळी. दुसऱ्या वेचणीनंतर पऱ्हाटी उपटावी की ठेवावी, एवढाच प्रश्न उरला होता.

ही अळी आभाळातून पडली नव्हती. पहिल्या बीटी वाणाला ती दाद देत नाही, हे गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट भागांत आढळल्याचे खुद्द कंपनीने २०१० मध्ये जाहीर केले. दुसऱ्या, दोन जनुकांच्या वाणालाही ती सरावली, हे २०१४-१५ मध्ये गुजरातेतच दिसले. शास्त्रज्ञांनी निबंध लिहिले, बैठका झाल्या. खडक कुठे आहे ते माहीत होते, तो कोणत्या दिशेने सरकतो आहे तेही माहीत होते. आपल्या गावात मात्र २०१७ च्या जून महिन्यात त्याच वाणाच्या पाकिटांसाठी दुकानापुढे रांगा होत्या, आणि पाकिटावर असे काही छापलेले नव्हते.

इशारा वेळेवर आला असता तर काय करता आले असते? लवकर येणारा वाण घ्या, डिसेंबरपुढे फरदड ठेवू नका, कामगंध सापळे लावा आणि सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले की फवारणीला उतरा. यात न परवडणारे काही नाही. हे सगळे आज सांगितले जाते. जहाज फुटल्यावर लावलेला दिवा पुढच्या जहाजाच्या उपयोगी पडतो, फुटलेल्याच्या नाही. त्या वर्षी दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघालेल्या कुटुंबांना विचारा.

एका रात्रीत फिरणारा दिवा

निसर्गाचा धोका एक वेळ समजू. पण जो खडक सरकार स्वतःच आणून टाकते, त्याचे काय?

२०१० च्या एप्रिलात निर्यातीची नोंदणी थांबवली. ५ मार्च २०१२ रोजी निर्यातबंदी झाली, एका दिवसात. आरडाओरड झाल्यावर आठवडाभरात पाऊल मागे घेतले, पण तोवर बाजाराला कळायचे ते कळले होते. २०२२ च्या सुरुवातीला भाव दहा हजारांच्या पुढे गेला, तेव्हा एप्रिलच्या मध्यापासून आयातशुल्क काढून टाकले. आणि २०२५ बघा. अमेरिकेने आपल्या मालावर एकूण ५० टक्के आयातकर लावला, कापड गिरण्या अडचणीत येणार म्हणून १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत सांगितले, मग दहा दिवसांच्या आत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. म्हणजे आपली पहिली वेचणी ते दुसरी-तिसरी वेचणी, नेमका आपला माल बाजारात येण्याचा काळ.

पेरणी जूनमध्ये झाली होती. बियाणे, खत, खुरपणी, सगळा खर्च रानात गेला होता. त्या वेळी शुल्क होते, त्या हिशेबाने लोकांनी कापूस लावला. अर्ध्या वाटेत दिवा हलवला. समुद्रावर असे कोणी केले आणि जहाज फुटले, तर चौकशी होईल. वावरावर केले तर त्याला धोरण म्हणतात.

इशाऱ्याबरोबर बंदरही लागते

जहाजाला इशारा मिळाला की ते बंदरात थांबते. पऱ्हाटी कुठे थांबणार? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अंदाज दिले गेले होते, नाही असे नाही. पण फुटलेले बोंड आणि काढणीला आलेले सोयाबीन उचलून नेता येत नाही. म्हणून नुसता इशारा पुरत नाही. शेतकऱ्याचे बंदर म्हणजे वेळेवर उघडलेले खरेदी केंद्र, वेळेवर मिळणारा विमा आणि माल ठेवायला गोदाम.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झाला. निगमाच्या केंद्रावर पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत. पुढे कपात, १२ टक्क्यांच्या वर कापूस परत. वर्ष अतिवृष्टीचे, कापूस भिजलेला, आणि नियम कोरड्या वर्षाचे. गरजवंत माणूस दिवाळीच्या तोंडावर खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात घालून मोकळा होतो. वादळ आले की दार लावून घेणाऱ्या बंदराला बंदर कोण म्हणेल?

ज्वारीची कथा याहून लहान आणि याहून वाईट. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासारच्या रब्बी शेतकऱ्याने तो कागदावर वाचायचा. ज्वारी परवडते ती कडब्यामुळे, आणि कडब्याचा भाव कोणत्याच सरकारच्या यादीत नाही.

दोन आक्षेप

पहिला : हवामानाचा आणि बाजाराचा अंदाज चुकतो, मग सांगून काय उपयोग? बावटाही चुकतो. कधी वादळ दिशा बदलते आणि होड्या उगाच बंदरात राहतात. म्हणून कोणी बावटे उतरवले नाहीत. आणि आयातशुल्क हा काही अंदाज नव्हे. तो निर्णय आहे, तो घेणाऱ्याला आधीच माहीत असतो.

दुसरा : गिरणी बंद पडली तर कापूस घेणार कोण, कामगार कुठे जाणार? प्रश्न खरा आहे. गिरणी जगली पाहिजे, कामगारही आपल्यातलेच आहेत. पण गिरणीवर संकट आले तर सरकारने आपल्या तिजोरीतून तिला सांभाळावे. दर वेळी शेतकऱ्याच्या भावातून कापून तिला सांभाळायचे, ही चाल १८६३ ची आहे, आता पुरे झाली.

मेळाव्यात ठेवायच्या मागण्या

एक : कापसाच्या आयात-निर्यातीचे धोरण दरवर्षी ३१ मेपूर्वी जाहीर करावे आणि पुढच्या ३१ मेपर्यंत त्याला हात लावू नये. अगदीच बदलायचे तर सहा महिन्यांची सूचना द्यावी. तेवढी मुदत दिली नाही तर भावातला फरक सरकारने भरावा.

दोन : कीड आणि वाणाचा प्रतिकार यांबद्दल देशात कुठेही खात्रीची माहिती मिळाली की पेरणीपूर्वी प्रत्येक कापूस तालुक्यात मराठीत सूचनापत्र काढावे. ग्रामपंचायतीत लावावे, बियाण्याच्या दुकानात लावावे. दुकानदाराने ते न लावल्यास परवान्यावर कारवाई व्हावी.

तीन : बंद केलेले जिल्हा हवामान कक्ष पुन्हा सुरू करावेत, आणि सल्ला कोरडवाहूच्या हिशेबाने, मंडळाच्या पातळीवर मिळावा.

चार : खरेदी केंद्रे दसऱ्यापूर्वी उघडावीत. अतिवृष्टी जाहीर झालेल्या मंडळांत ओलाव्याची अट त्या हंगामापुरती सैल करावी. रब्बी ज्वारीची खरेदी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी.

आपल्याकडूनही एक काम हवे. सरकार सूचनापत्र काढेपर्यंत आपण थांबायचे कारण नाही. प्रत्येक शाखेने गावाच्या पारावर किंवा सोसायटीच्या भिंतीवर एक फळा लावावा. मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीचा सल्ला, सापळ्यातल्या पतंगांचा आकडा, जवळच्या बाजार समितीतला कापसाचा आणि ज्वारीचा भाव, एवढेच त्यावर खडूने लिहायचे. लिहिणारा बदलला तरी चालेल, वार चुकता कामा नये. ज्या गावांत फळा लागेल त्यांनी सापळ्यांचे आकडे शेजारच्या गावाला कळवावेत, म्हणजे अळी गेवराईत दिसली तर माजलगावला आठ दिवस आधी कळेल.

मेळाव्याला येताना दोन कागद सोबत आणा : या हंगामात कापूस किंवा ज्वारी कोणत्या तारखेला, किती क्विंटल, काय भावाने विकली त्याची पावती, आणि केंद्रावरून कापूस परत आला असेल तर ओलाव्याचा आकडा लिहिलेली चिठ्ठी. पावती नसेल तर तारीख आणि भाव साध्या कागदावर लिहून सही करा. धोरण बदलले त्या तारखा आमच्याकडे आहेत. तुमच्या तारखा त्यांच्या शेजारी मांडल्या की कोणत्या निर्णयाने बीड जिल्ह्याचे किती बुडवले, हा हिशेब आपला आपल्याला काढता येईल, आणि तोच घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर जायचे आहे.